रिगचा ऑडिओ कॉम्प्युटरला : घर्रर्र कशी घालवायची? आयसोलेशन नक्की कुठलं?

एकतारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझी रिग (हॅम रेडिओचा संच) जुनी आहे, तिला यूएसबी वगैरे काही नाही. मागच्या सहा पिनांच्या डेटा सॉकेटमधून ऑडिओ काढून साध्या यूएसबी साउंडकार्डाच्या माइक इनपुटला दिलाय. साउंडकार्डाच्या हेडफोन सॉकेटमधून परत रिगला. पीटीटी (ट्रान्समिट चालू करणारी लाइन) आणि कॅट (कॉम्प्युटरवरून रिगचं नियंत्रण) दोन्ही एकाच यूएसबी-सिरियल केबलवर. अँटेना एंड-फेड हाफवेव्ह (अर्ध्या तरंगलांबीची, एका टोकाने जोडलेली तार), ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावलेली. लॅपटॉपवर एफटी८ (छोटे संदेश पाठवायचा डिजिटल मोड) करतो, शिवाय रोजच्या नेटचं (ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या गटाच्या गप्पांचं) रेकॉर्डिंग ठेवतो.

दुखणी दोन आहेत.

पहिलं : रिसीव्हवर मागे सतत घर्रर्र. वॉटरफॉलवर (ऑडिओच्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या आलेखावर) डावीकडे उभ्या रेघांचं कुंपणच. रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकवत नाही.

दुसरं : ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) ५० वॉटच्या वर गेलो की साउंडकार्ड गायब. माउस गोठतो आणि रिग ट्रान्समिटमध्येच अडकून बसते. मग धावत जाऊन बटण दाबायचं.

शोधाशोध केली तर एक म्हणतो ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लाव, दुसरा म्हणतो यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंमधला विजेचा थेट संबंध तोडणारं खोकं) घे, तिसरा म्हणतो तयार इंटरफेस घेऊन मोकळा हो. यातलं काय घेऊ? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डिट_डा

मोर्सची की घ्या, हेडफोन घ्या. ड्रायव्हर नाही, अपडेट नाही, वॉटरफॉल नाही. ७३ (म्हणजे शुभेच्छा).

मेगाहर्ट्झमनू

@डिट_डा, आलात का! धागा निघून पाच मिनिटं व्हायच्या आत हजर. :))

सोल्डरकाका

एकतारी, घ्यायच्या आधी ओळखा. तुमच्या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, आणि दोघांना एकच खोकं पुरेल असंही नाही. आधी हे करून बघा, खर्च शून्य.

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घर्रर्र गेली किंवा कमी झाली तर ती चार्जरमार्गे येतेय.

मग रिग बंद करा, केबल तशीच राहू द्या. रिग बंद असूनही रेघा दिसत असतील तर रिसीव्हरचा त्यात काही हात नाही.

मग रिग चालू करून अँटेना काढा. आवाज धपकन पडला तर तो बाहेरून, अँटेनातून येतोय. तिथे जगातला कुठलाही आयसोलेटर कामाचा नाही.

आणखी एक खूण सांगतो, ही फारसं कोणी सांगत नाही. एसएसबीचा (रिगच्या बोलण्याच्या मोडचा) फिल्टर साधारण ३०० हर्ट्झपासून पुढचंच आत घेतो. म्हणजे वॉटरफॉलवर ५०, १००, १५०, २०० हर्ट्झवर ठळक रेघा असतील (६० हर्ट्झच्या मेन्सवर ६०, १२०, १८०) तर त्या फिल्टरच्या पुढे कुठेतरी शिरल्यात. बहुधा ऑडिओच्या तारेत. तुमचं कुंपण डावीकडे आहे म्हणता, त्यावरून मला अंदाज आहेच. पण बघून सांगा.

दुसऱ्या दुखण्यासाठी अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि तीच पॉवर द्या. डमी लोडवर साउंडकार्ड शहाण्यासारखं वागलं तर दोष केबलचा नाही, अँटेनातून शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) परत येणाऱ्या आरएफचा (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या करंटचा).

नवाकोरा

वाचतोय. माझंही सेम आहे, फक्त रिग नवीन आहे. नवीन रिगलाही हे होतं?

प्रतिबाधा

@नवाकोरा, होतं. रिगमध्ये साउंडकार्ड बसवलेलं असलं की ऑडिओची तार जाते, पण यूएसबीची तार येतेच. तिच्या शील्डवरून (तारेभोवतीच्या जाळीवरून) ग्राउंड लूप (दोन उपकरणांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली गेल्याने होणारं वेटोळं) पूर्ण होतो. आयसी-७३०० सारख्या रिगमध्ये ऑडिओ आणि कॅट एकाच यूएसबी केबलवर असतात, त्यामुळे तारा कमी होतात एवढंच. घर्रर्र कमी दिसते, कारण ऑडिओ रिगच्या आतच डिजिटल होतो आणि शील्डमधला करंट त्याला सहसा चिकटत नाही. आरएफने यूएसबी तुटायची भीती मात्र तशीच राहते.

काकांच्या चार्जरच्या मुद्द्यामागचं कारण सांगते. स्विचिंग चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये वाय कपॅसिटर असतो. चार्जरचा स्वतःचा कचरा बाहेर पडू नये म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नाही, म्हणून या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचं ग्राउंड मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ, मिलीअँपिअरच्याही खूप खाली. पण धातूच्या लॅपटॉपवर बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं ते हेच. आता या लॅपटॉपला ऑडिओच्या तारेने अर्थ केलेल्या रिगशी जोडलं, की तो करंट ऑडिओच्याच शील्डमधून वाट काढतो. शील्ड हीच सिग्नलची परतीची वाट, म्हणून ते व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतं. शुद्ध ५० हर्ट्झची घूं क्वचितच असते. चार्जरचा करंट खडबडीत असतो, त्याच्या पटींच्या रेघा वर हजारभर हर्ट्झपर्यंत दिसतात. तुमची घर्रर्र ती हीच असणार.

लघुलहरी

वाखुसा (वाचनखूण साठवली).

तोडफोडे

चार्जर तीन पिनांचा असेल तर अर्थचा पिन काढून टाका, लूपच राहणार नाही. एका मिनिटाचं काम.

सोल्डरकाका

@तोडफोडे, असलं इथे लिहू नका हो. नवी पोरं वाचतात. मेन्सचा अर्थ जिवासाठी असतो. तो तोडला आणि आत कधी इन्सुलेशन गेलं तर फ्यूज उडणार नाही, रिगची पेटी जिवंत होईल आणि हातात माइक असेल. तोडायचं तर ऑडिओच्या बाजूला तोडा, मेन्सच्या बाजूला कधीच नाही.

प्रतिबाधा

काकांना +१००. संपादकांनी वरचा प्रतिसाद झाकला तरी चालेल.

तोडफोडे

बरं बरं, मागे घेतो.

एकतारी

सगळे प्रयोग केले.

चार्जर काढल्यावर डावीकडचं कुंपण जवळजवळ गेलं. रिग बंद, चार्जर चालू : रेघा होत्या तशाच. पण चार्जर काढल्यावरही १०००, २००० आणि थोडीशी ३००० हर्ट्झवर एकेक बारीक रेघ राहते. ही कसली?

डमी लोडवर १०० वॉट दिले, साउंडकार्ड हललंही नाही.

प्रतिबाधा

१००० ची रेघ यूएसबीची. फुल स्पीड यूएसबीवर दर मिलीसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणजे सेकंदाला हजार. प्रत्येक फ्रेमला साउंडकार्डाचा वीजवापर किंचित हलतो, ५ व्होल्टची लाइन थरथरते आणि स्वस्त साउंडकार्डात ती थरथर माइकच्या अँप्लिफायरपर्यंत पोचते. साउंडकार्डाचा गेन जितका जास्त तितकी ही रेघ ठळक. तुमचा माइक बूस्ट चालू आहे का?

एकतारी

हो. +२० डीबी. बंद केला तर सिग्नल कमी पडेल असं वाटलं.

सोल्डरकाका

बंद करा. डेटा सॉकेटमधून रिग शंभर ते तीनशे मिलिव्होल्टच्या आसपास देते. माइक इनपुटला लागतात काही मिलिव्होल्ट. म्हणजे तुम्ही त्याला आधीच पुरून उरताय आणि वर बूस्ट. साउंडकार्डाला लाइन इनपुट असेल तर ते वापरा. नसेल तर माइक इनपुटच्या आधी दहास एक असा सिग्नल उतरवणारा रेझिस्टरचा अॅटेन्युएटर टाका, १० के सिरीजमध्ये आणि १ के आडवा. २० डीबीहून किंचित जास्त उतरतो. मग बूस्ट नको आणि १००० ची रेघही बरीच खाली जाईल.

डब्ल्यूएसजेटी-एक्समधला (एफटी८ च्या प्रोग्रॅममधला) मीटर बँडवर नुसता आवाज असताना ३० डीबीच्या जवळ ठेवा, एवढं पुरे.

अर्थिंगराव

इतका वेळ गप्प होतो, पण आता राहवत नाही. सगळे ट्रान्सफॉर्मरच्या मागे लागणार हे दिसतंय. मला तो मार्गच पटत नाही.

लूप तोडण्याऐवजी लूपमधलं व्होल्टेज संपवा. रिग, पॉवर सप्लाय, कॉम्प्युटर, ट्यूनर या सगळ्यांच्या पेट्या जाड आणि आखूड तारेने किंवा पट्टीने एकमेकींना बांधा, आणि सगळ्यांना वीज एकाच आउटलेटवरून द्या. दोन पेट्यांमध्ये व्होल्टेजचा फरकच उरला नाही तर शील्डमधून करंट वाहणार कशाला? जिम ब्राउन (कॉलसाइन के९वायसी) हे वर्षानुवर्षं हेच सांगतायत, आणि ते स्वतः प्रोफेशनल ऑडिओतले. त्यांच्या मते बाँडिंग नीट असेल तर साध्या शील्डेड केबलने काम होतं, मध्ये काही लागत नाही.

दुसरी गोष्ट पिन १ ची, म्हणजे प्रोफेशनल ऑडिओ प्लगमधल्या शील्डच्या पिनची. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हे मांडलं : केबलचं शील्ड उपकरणात शिरताच पेटीला जोडलं पाहिजे, सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला नाही. बोर्डाला जोडलं की शील्डवरचा सगळा कचरा, मेन्सचा असो की आरएफचा, बोर्डावरून फिरतो. पुढे २००५ मध्ये एईएस४८ हे स्टँडर्डच त्यावर निघालं. स्वस्त साउंडकार्ड उघडून बघा, जॅकचं शील्ड थेट बोर्डावर. प्लॅस्टिकची पेटी असल्यावर दुसरं होणार तरी काय.

प्रतिबाधा

अर्थिंगराव, सिद्धांत मान्य. डेस्कटॉप असेल तर मीही आधी बाँडिंगच करीन. पण इथे प्लॅस्टिकचा लॅपटॉप आहे. बांधायचं कशाला?

अर्थिंगराव

व्हीजीए किंवा सिरियल पोर्टचा स्क्रू. ते नसेल तर यूएसबीचं धातूचं कवच. एक रिकामा यूएसबी प्लग घ्यायचा, त्याच्या कवचाला जाड वेणीची तार सोल्डर करायची.

प्रतिबाधा

करता येतं, पण आतल्या बोर्डावर त्या कवचाची वाट किती बारीक असेल ते लॅपटॉप बनवणारालाच माहीत. एकतारींच्या केसमध्ये मी दोन्ही करीन : पेट्या बांधीन आणि ऑडिओत ट्रान्सफॉर्मरही टाकीन.

अर्थिंगराव

दोन्ही केलं आणि आवाज गेला, तर श्रेय सगळे ट्रान्सफॉर्मरलाच देणार. :-)

मेगाहर्ट्झमनू

श्रेयवादाची लढाई सुरू. सरकून बसा हो, जागा द्या.

सोल्डरकाका

ट्रान्सफॉर्मर टाकायचा तर नीट टाका. लोक टाकतात आणि मग "काही फरक नाही" म्हणून रडतात. बघितलेल्या गफलती लिहितो.

६०० ओहम ला ६०० ओहम, १:१. दोन लागतात, एक येणाऱ्या आणि एक जाणाऱ्या ऑडिओला. टेलिफोनच्या कामाचे छोटे ट्रान्सफॉर्मर ३०० ते ३४०० हर्ट्झला बनवलेले असतात, आपल्याला तेवढंच हवंय. मात्र स्पीकर आउटपुट पूर्ण आवाजात त्यांच्यावर सोडू नका. कोअर सॅच्युरेट होतो आणि ऑडिओ फाटतो.

पेटी धातूची आणि दोन्ही बाजूंचे जॅक तिच्यावर कसलेले : सगळ्यात लाडकी गफलत. आत ट्रान्सफॉर्मर दिमाखात बसलाय आणि बाहेर दोन्ही जॅकची ग्राउंड पेटीतूनच जोडलेली. प्लॅस्टिकची पेटी घ्या किंवा एका बाजूचे जॅक वॉशर लावून पेटीपासून वेगळे ठेवा.

माइक इनपुटवर बहुतेक साउंडकार्डं कंडेन्सर माइकसाठी थोडं डीसी सोडतात, दोन ते पाच व्होल्टच्या दरम्यान. ट्रान्सफॉर्मर थेट लावला तर ते डीसी वाइंडिंगमधून वाहतं. मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, पॉझिटिव्ह टोक साउंडकार्डाकडे. १ मायक्रोफॅरड टाकाल तर ६०० ओहमला २६५ हर्ट्झच्या आसपासच कापायला लागेल, खालचा आवाज पातळ होईल.

जाणाऱ्या बाजूला अॅटेन्युएटर लावायचा तो रिगच्या टोकाला, साउंडकार्डाच्या टोकाला नाही. तारेतून जाताना सिग्नल मोठा ठेवा. वाटेत जो कचरा मिसळेल तोही रिगपाशी सिग्नलबरोबर खाली येईल.

प्रतिबाधा

काका, एक राहिलं आणि तेच मोठं आहे. एकतारींची पीटीटी आणि कॅट यूएसबी-सिरियल केबलवर आहे. तिचं ग्राउंड रिगच्या ग्राउंडला जोडलेलं आहे. ऑडिओत दोन ट्रान्सफॉर्मर टाकले तरी लॅपटॉप आणि रिग सिरियलच्या तारेने जोडलेलेच राहणार. ऑडिओच्या शील्डमधून करंट जाणार नाही, म्हणून घर्रर्र बहुतेक जाईल. पण "आता आपण आयसोलेटेड" अशा भ्रमात राहू नये. पीटीटीला ऑप्टोकपलर (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारी चिप) लावायचा, पीसी८१७ किंवा ४एन३५ चालतो. कॅटसाठी ऑप्टोवाली केबल किंवा त्या एका केबलपुरता यूएसबी आयसोलेटर.

एकतारी

आता यूएसबी आयसोलेटरचंच विचारतो. मग सगळं यूएसबी हबवर घेऊन एकच आयसोलेटर लावला तर? ट्रान्सफॉर्मर, ऑप्टो काहीच नको.

प्रतिबाधा

होतं, आणि बरेच जण तसं करतात. पण आत काय आहे ते बघून घ्या. स्वस्तात मिळणाऱ्यांत बहुधा एडीयूएम३१६० ही चिप असते. ती १.५ किंवा १२ मेगाबिटला चालते, ४८० ला नाही. साधी साउंडकार्डं आणि सिरियल केबली १२ वरच चालतात, त्यामुळे अडचण नाही. काही आयसोलेटरवर स्पीडचं छोटं स्विच असतं, ते फुल स्पीडला ठेवा. हाय स्पीड लागणारी एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) वगैरे असेल तर आयएसओयूएसबी२११ सारखी चिप असलेला घ्यावा लागतो, तो महाग.

खरी मेख वेगळीच आहे. पलीकडच्या बाजूला ५ व्होल्ट द्यायला आत छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. सहसा एक वॉटचा, म्हणजे २०० मिलीअँपिअरच्या आसपास. हब, साउंडकार्ड आणि दोन केबली मिळून त्याची दमछाक होते. शिवाय तो स्वतःच एक छोटा आवाज करणारा स्विचिंग सप्लाय असतो. काही जणांची घर्रर्र जाते आणि बँडवर नवीन किरकिर येते ती त्याच्यामुळे.

नवाकोरा

मग फेराइट (केबलवरचं आरएफ अडवणारं चुंबकीय मटेरियल)? यूएसबी केबलवर दोन क्लिपवाले फेराइट लावले मी. काहीच झालं नाही.

अर्थिंगराव

एकदाच आरपार गेलेली केबल आणि एक क्लिप म्हणजे ७ मेगाहर्ट्झला फार तर काही दहा ओहम. आरएफला त्याची पर्वाच नाही. इंपीडन्स साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. तीन वेढे म्हणजे नऊपट. एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झला) ३१ नंबरचं मटेरियल घ्या, मोठी रिंग घ्या आणि केबल तिच्यातून जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा फिरवा.

पण एकतारी, तुमच्या बाबतीत यूएसबीवर फेराइट म्हणजे छप्पर गळतंय म्हणून खाली बादल्या मांडणं. डमी लोडवर सगळं नीट चाललं ना? एंड-फेड हाफवेव्हला दुसरं टोक लागतंच. तुम्ही काउंटरपॉइज (दुसऱ्या टोकाची तार) दिला नसेल तर तुमच्या कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या आवरणाने ते काम पत्करलंय. म्हणजे अँटेनाचा एक भाग शॅकमध्ये येऊन लॅपटॉपच्या शेजारी संपतो. कोॲक्स ३१ च्या मोठ्या रिंगवर दहा-बारा वेढे घालून चोक (बाहेरचा करंट अडवणारं वेटोळं) करा, ४० मीटरवर काही हजार ओहम मिळतात. चोक ४९:१ च्या अगदी बुडाशी नको, तरंगलांबीच्या ०.०५ पट पुढे ठेवा. ४० मीटरला दोन मीटर झाले. तेवढं कोॲक्स काउंटरपॉइज म्हणून राहू दे, पुढचं शांत होईल. हवं तर दुसरा चोक शॅकच्या तोंडाशी.

सोल्डरकाका

इथे रावांशी शंभर टक्के सहमत. आरएफला ऑडिओ ट्रान्सफॉर्मरही फारसा अडवत नाही. दोन वाइंडिंगांमधल्या कपॅसिटन्समधून ते सरळ पलीकडे जातं. मध्ये शील्ड असलेला ट्रान्सफॉर्मर जरा बरा.

डिट_डा

बघा, एवढं सगळं करून शेवटी करायचं काय, तर कॉम्प्युटरने कॉम्प्युटरला "आर-१२" असा सिग्नलचा रिपोर्ट पाठवायचा. ऑपरेटर बाजूला बसून जांभया देतो.

मेगाहर्ट्झमनू

ज्या दोघांनी तो मोड बनवला त्यांतल्या जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय. पल्सारचा सिग्नल आवाजातून उपसणाऱ्या माणसाने एफटी८ काढलं, त्यात जांभया कसल्या. २०१७ मध्ये आलं आणि मरगळलेल्या बँडवरही लोक एकमेकांना भेटायला लागले.

डिट_डा

भेटतात म्हणू नका. हजेरी लावतात.

स्वरलहर

मारामारी थांबवा, मला रेकॉर्डिंगवर बोलायचंय. एकतारींनी ते विचारलंय आणि सगळे एफटी८ वर घसरले.

मी नेटचं रेकॉर्डिंग दोन चॅनलवर करते. डावीकडे रिसीव्हरचा ऑडिओ, उजवीकडे माझ्या माइकचा. एकाच ट्रॅकवर घेतलं की स्वतःचा आवाज दणदणीत आणि समोरच्याचा क्षीण, मग संपादन करताना डोकं दुखतं. वेगळे असले की नंतर हवे तसे मिसळता येतात.

सॅम्पलिंगचा मोह टाळा. एसएसबीचा ऑडिओ २.७ किलोहर्ट्झच्या आत संपतो, ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग पुरून उरतं. १६ बिट मोनोला तासाचे ५७.६ एमबी. तेच ४८ किलोहर्ट्झला ३४५.६ एमबी, आणि त्यात जास्तीचं काय तर फिल्टरच्या वरची शांतता. एफटी८ साठी मात्र साउंडकार्ड ४८००० वरच ठेवा. रेकॉर्डिंग झाल्यावर फाइल ८००० वर उतरवायची.

लेव्हल : सगळ्यात मोठ्या आवाजाला -१२ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. १६ बिटमध्ये ९६ डीबीची जागा आहे. आणि विंडोजमधली "एन्हान्समेंट" नावाची सगळी बटणं बंद. आवाज सुधारतो म्हणत ती क्षीण सिग्नलला आवाज समजून पुसतात.

नंतर सॉफ्टवेअरने नॉइज रिडक्शन करणाऱ्यांना हात जोडून विनंती : आधी तारा नीट करा. घर्रर्र पुसताना माणसाचा आवाज पिंपातून आल्यासारखा होतो.

आणि हो, समोरच्याचा आवाज रेकॉर्ड करून कुठे टाकायचा असेल तर आपापल्या देशाचे नियम बघा आणि नेटवर आधी सांगा.

लघुलहरी

मी फोन स्पीकरसमोर ठेवून रेकॉर्ड करतो. हवेपेक्षा चांगला आयसोलेटर अजून निघालेला नाही. ना ग्राउंड लूप, ना आरएफ. अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्हीची (ऑडिओतून पाठवलेली) चित्रं येतात तीसुद्धा अशीच उतरवलीत. कुत्रा भुंकला की चित्रावर एक पट्टा येतो तेवढंच.

स्वरलहर

हा हा! पट्ट्यावरून कुत्र्याची जात ओळखता येते का?

पेंग्विनप्रेमी

कोणी न सांगितलेला एक मार्ग. रिगशेजारी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवा, साउंडकार्ड आणि कॅट त्यालाच लावा, वीज रिगच्याच सप्लायवरून द्या. लॅपटॉपवरून नेटवर्कने त्याच्यावर जा. इथरनेटच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर मुळातच असतात, १५०० व्होल्टचं आयसोलेशन स्टँडर्डमध्येच लिहिलंय. फक्त केबल शील्ड नसलेली घ्या, शील्डवाली घेतली की तुम्ही तोडलेलं सगळं परत जोडलंत. वाय-फाय असेल तर तारच नाही. लॅपटॉपचा चार्जर मग काय वाटेल तो दंगा करो.

अर्थिंगराव

हे आवडलं. मी मानतो, इथे माझ्या पट्टीचं काम नाही.

सोल्डरकाका

तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

एकतारी

सगळ्यांचे आभार. तूर्तास काय केलं ते सांगतो.

कोॲक्सचा चोक आधी केला, कारण फक्त रिंगच आणायची होती. दोन मीटरवर बसवला. ४० मीटरवर १०० वॉटला साउंडकार्ड टिकतंय, माउस हलतोय. एसडब्ल्यूआर (अँटेनाचा मेळ दाखवणारा आकडा) किंचित सरकला, तार थोडी कापून जागेवर आणला. बूस्ट बंद, माइक इनपुटला अॅटेन्युएटर : १००० ची रेघ शोधावी लागते इतकी फिकट. दोन ट्रान्सफॉर्मर प्लॅस्टिकच्या डबीत, कपॅसिटरसह. चार्जर लावूनही कुंपण नाही. रावांच्या समाधानासाठी रिग आणि सप्लाय जाड पट्टीने बांधलेत. कॅटची केबल अजून तशीच आहे.

म्हणजे यूएसबी आयसोलेटर घेतलाच नाही. पण एक राहिलंय. माझा सिग्नल पाहणारे म्हणतात की मी ७०० हर्ट्झवर पाठवतो तेव्हा १४०० आणि २१०० वरही माझं पिल्लू दिसतं. हाही ग्राउंड लूपच का?

स्वरलहर

नाही, हे ओव्हरड्राइव्ह. एएलसीची (ऑडिओ जास्त झाला की पॉवर आवरणाऱ्या सर्किटची) सुई हलतेय का बघा. हलायलाच नको. विंडोजचा आवाज आणि डब्ल्यूएसजेटी-एक्समधली पॉवरची पट्टी दोन्ही खाली आणा, पॉवर थोडी पडायला लागली की थांबा.

प्रतिबाधा

आणि सेटिंगमध्ये स्प्लिट "रिग" किंवा "फेक इट" वर ठेवा. मग प्रोग्रॅम रिगची फ्रिक्वेन्सी सरकवून ऑडिओचा टोन कायम १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवतो. १५०० ची दुप्पट ३०००, ती ट्रान्समिट फिल्टरमध्येच कापली जाते. ७०० ची दुप्पट-तिप्पट मात्र फिल्टरमधून आरामात निघते.

नवाकोरा

माझी रिग कॉम्प्युटर चालू करताना आपोआप दोन सेकंद ट्रान्समिटला जाते. हे याच धाग्यात विचारू की वेगळा काढू?

सोल्डरकाका

इथेच सांगतो. पीटीटी सिरियलच्या आरटीएस किंवा डीटीआर लाइनवर असेल तर कॉम्प्युटर सुरू होताना आणि पोर्ट उघडताना त्या लाइनी क्षणभर वर जातात. रिग नेहमी कॉम्प्युटरनंतर चालू करा. कायमचा उपाय हवा तर रिगला कॅट असल्यास पीटीटीही कॅटवरूनच द्या, आरटीएस-डीटीआर दोन्ही सोडून द्या. नवीन रिग असेल तर मेनूत यूएसबीवरच्या आरटीएस/डीटीआरचं कामच बंद करता येतं, ते आधी शोधा.